मरियामातेची धावपट्टी

विमानातली पाच प्रेतं डोंगरावरून खाली आणली तेव्हा त्यांतल्या एकाच्याही पायात बूट नव्हते.

कोल्लेस्पीनो गावाची पावाची भट्टी चालवणारी आर्जिया दारात उभी राहून पाहत होती. प्रेतं शिड्यांवर बांधली होती आणि वरून घोंगड्या टाकल्या होत्या, पण घोंगड्या आखूड होत्या. फादर इजिनो सगळ्यांच्या पुढे प्रार्थना पुटपुटत चालले होते. मागे वळून पाहायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. सरपंच सेत्तिमिओ भट्टीपाशी थांबला आणि टोपी काढून म्हणाला, "कुणाची लेकरं, कुठं येऊन पडली बघ, आर्जिया."

"अनवाणीच निघाली होती वाटतं घरून," आर्जिया म्हणाली.

सेत्तिमिओनं टोपी परत डोक्यावर ठेवली आणि तो पुढे गेला.

विमानातला सहावा माणूस जिवंत होता. त्याला गावकऱ्यांनी आदल्या रात्रीच एका उखडलेल्या दाराच्या फळीवर निजवून खाली आणलं होतं, आणि तेवढं तरी गावानं चांगलं केलं हे आर्जियालाही मान्य होतं. पास्क नावाचा, विशीतला इंग्रज सहवैमानिक. आंकोनाच्या लष्करी इस्पितळाची गाडी येईपर्यंत तो तेच तेच पुन्हा पुन्हा बोलत होता. ते कुणाला कळलं नाही, कारण गावात इंग्रजी येणारा एकच माणूस होता, आर्जियाचा धाकटा भाऊ देलिओ, आणि तो डोंगरापलीकडच्या रानात कोळसा पाडत होता. ते कळलं असतं तर गावानं त्या पोराला इतक्या काळजीनं खाली आणलं असतं का, याबद्दल आर्जियाची खात्री नव्हती.

पास्क म्हणत होता, दिवे होते. दोन ओळी होत्या. धावपट्टीचे दिवे होते.

दिवे नव्हते. शेकोट्या होत्या.

डिसेंबरच्या दहा तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्या सगळ्या मुलखात डोंगरउतारांवर शेकोट्या पेटतात. नाझरेथमधलं मरियामातेचं घर देवदूतांनी उचललं, समुद्रावरून उडवत आणलं आणि लोरेतोच्या टेकडीवर ठेवलं, ती ही रात्र. घर वाट चुकू नये म्हणून खालून उजेड दाखवायचा. लोरेतोची मरियामाता वैमानिकांची रक्षणकर्ती मानली जाते, तीही याच उड्डाणामुळे. प्रत्येक घर आपल्या दारापुढे नाहीतर शेताच्या बांधावर आपापली शेकोटी पेटवतं, पोरं भोवती नाचतात, म्हातारे वाइनचे पेले घेऊन बसतात. यात काही सुधारणा करावी असं पिढ्यान्‌पिढ्या कुणाला वाटलं नव्हतं.

सेत्तिमिओला वाटलं. कारण असं की, आदल्या वर्षी, लढाई संपल्यानंतरच्या पहिल्याच डिसेंबरात, खोऱ्यापलीकडच्या मोन्तेफाल्वो गावानं घराएवढी उंच शेकोटी रचली आणि बिशपांनी प्रवचनात मोन्तेफाल्वोचं नाव घेतलं. ते नाव कोल्लेस्पीनोच्या घशात वर्षभर अडकलं होतं. सेत्तिमिओ चव्वेचाळीस साली खालच्या खोऱ्यात इंग्रजांनी तयार केलेल्या तात्पुरत्या धावपट्टीवर मुकादम होता. हवा खराब असली की तिथं तेलाच्या दिव्यांच्या दोन ओळी लावत आणि त्यांच्यामध्ये विमान उतरे, हे त्यानं पाहिलं होतं. सैन्य पुढे सरकलं तशी ती धावपट्टी बंद झाली आणि तिथं पुन्हा गहू आला. पण सेत्तिमिओच्या डोक्यातून ती गेली नव्हती.

"घर हवेतूनच येतं ना?" त्यानं नोव्हेंबरात पंचायतीत विचारलं. "मोन्तेफाल्वोवाले नुसता ढीग पेटवतात. आपण त्याला उतरायची जागा दाखवू."

पंचायतीत कुणी हसलं नाही. आर्जियाला ते कळलं तेव्हा ती हसली, आणि लाकूड कमी पडलं तेव्हा भट्टीमागच्या रचाईतून तिनंही दोन भारे दिले. गावात राहायचं तर द्यावे लागतात.

गवंडी क्विंतोनं दोरी ताणून ओळी आखल्या. दोन्हीकडे सारख्याच शेकोट्या, सारख्याच अंतरावर, चर्चच्या मागच्या उतारावरून थेट वर. काम झाल्यावर तो खाली उभा राहून एक डोळा मिटून पाहत राहिला आणि म्हणाला की रोममध्येसुद्धा इतकं सरळ काही नाही. तो रोमला कधी गेला नव्हता.

त्या संध्याकाळी ढग फार खाली आले होते. शेकोट्या पेटल्यावर थोड्या वेळानं वरून घरघर ऐकू आली. इंग्रज फौजेची माल आणि माणसं नेणारी विमानं त्या वर्षी अजून उत्तरेकडून नेपल्सकडे जात असत, पण इतक्या खाली कधी नाही. विमानानं गावावर दोन घिरट्या घातल्या. बायकांनी गुडघे टेकले. सेत्तिमिओनं टोपी छातीशी धरली. मग ढगाच्या फटीतून विमान खाली आलं, चाकं बाहेर काढलेलं, क्विंतोच्या दोन ओळींच्या बरोबर मध्ये, आणि गाव तोंड उघडं टाकून पाहत असताना डोक्यावरून वर गेलं. ओळी जिथं संपत होत्या तिथं डोंगर सुरू होत होता. हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वर कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

पुरुष वर धावले. बायका थोडा वेळ रडल्या आणि मग फावडी, टोपल्या घेऊन उतारावर गेल्या. उजाडेपर्यंत सगळी राख शेतांत पसरून झाली होती. सकाळी पहिल्या प्रार्थनेआधी सारा गाव चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला रांगेत उभा राहिला. इतकी मोठी रांग ईस्टरलाही लागत नसे. आर्जियाला वाटलं, निदान लाज तरी वाटली. ते तिचं चुकलं होतं, पण हे तिला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी चौकशीसाठी ब्रिटिश हवाई दलाचा स्क्वॉड्रन लीडर थर्ल्बी आला. त्याच्याबरोबर दुभाषा म्हणून कॉर्पोरल ग्रेक होता, माल्टा बेटावरचा, बुटका, दोन्ही भाषा भरभर बोलणारा. थर्ल्बी शाळेत उतरला. तो कुणावर ओरडला नाही, कुणाला बसही म्हणाला नाही. गावकऱ्यांबद्दल बोलताना तो "हे लोक" म्हणे, आणि पावाचा तुकडाही आधी उजेडात धरून बघे. विमान कोसळलं ती रात्र कसली होती, हे त्यानं एकदाही विचारलं नाही.

"शेकोट्या?" सेत्तिमिओ म्हणाला. "यंदा लाकूड कुठंय, साहेब? चुलीला नाही."

पण राख झाडता येते, भाजलेली माती झाडता येत नाही. थर्ल्बी छडी घेऊन उतारावर चढला आणि काळ्या गोल डागांमधून वर जाऊन खाली आला. "कुणीतरी मुद्दाम खोटी धावपट्टी आखली होती," तो म्हणाला. "कुणी?"

ग्रेकनं भाषांतर केलं. सेत्तिमिओनं कुणाचं नाव घेतलं नाही. त्यानं फक्त मान वर करून डोंगराकडे पाहिलं, जिथं देलिओच्या कोळशाचा बारीक धूर वर चढत होता. बाकीचं काम इतरांनी केलं. कुणी सांगितलं की देलिओ लिबियात इंग्रजांच्या हाती सापडला आणि पाच वर्षं हिंदुस्थानात, भोपाळजवळच्या छावणीत कैदी होता, या वसंतातच सुटून आला. कुणी सांगितलं की तो एकटाच राहतो आणि एकटाच बोलतो. कुणी सांगितलं की तो इंग्रजांना शिव्या देतो, त्याही इंग्रजीत. आणि आग तर त्याच्याकडे रोजचीच.

कोळसा पाडणारा लाकडांचा ढीग मातीनं लिंपतो आणि आत धुमसत ठेवतो. त्यातून एक ज्वाळा बाहेर आली तर अख्खा ढीग वाया जातो. कोल्लेस्पीनोतल्या पाच वर्षांच्या पोरालाही हे ठाऊक होतं. थर्ल्बीला ठाऊक नव्हतं, आणि तो इंग्लंडमधून आला होता हे गावाच्या पथ्यावर पडलं.

शिपाई देलिओला घेऊन भट्टीवरून गेले तेव्हा तो शांत होता. "काळजी करू नकोस, ताई," तो म्हणाला. "शेकोट्या सगळ्या गावानं पेटवल्या. कुणालाही विचारलं तरी सांगतील. उद्या येतो मी."

पाच वर्षं कैदेत काढूनही त्याला माणसं कळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ग्रेक साहेबासाठी पाव न्यायला आला तेव्हा आर्जियानं त्याला सरळ विचारलं, "काय करतील त्याचं?"

ग्रेकनं पाव काखेत धरला. "पाच माणसं मेलीत, मावशी. वाचलेला पोरगा म्हणतोय, धावपट्टीचे दिवे दिसले. खटला लष्करी कोर्टात चालेल. घातपात ठरला तर..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. "परवा गावाच्या जबानीवर सह्या होतील. मग साहेब जाणार, आणि कागद आंकोनाला."

"मला साहेबाशी बोलायचंय."

थर्ल्बीनं तिचं सगळं ऐकून घेतलं. दोन ओळी, दोरी, सेत्तिमिओ, राख. मग त्यानं ग्रेकला एकच शब्द विचारला.

"तो विचारतोय, तुम्ही त्याच्या कोण?"

"बहीण."

थर्ल्बीनं सौजन्यानं मान हलवली आणि पेनाचं टोपण लावलं.

तिथून ती फादर इजिनोंकडे गेली. ते चर्चमध्ये मेणबत्त्यांची जुनी टोकं खरवडत होते.

"फादर, तुम्ही तिथं होता. वरच्या टोकाला उभं राहून पवित्र पाणी शिंपडलंत."

"मी अग्नीला आशीर्वाद दिला, आर्जिया. ओळींना नाही."

"मग साहेबाला एवढंच सांगा, की अग्नी होता."

"मला बोलता येत नाही. कबुलीत ऐकलेलं बाहेर सांगणं पाप आहे."

"कबुलीत कशाला? तुम्ही डोळ्यांनी बघितलंत."

"बघितलं. पण नंतर सगळ्यांनी येऊन कबूलही केलं." फादरनी मेणाचा तुकडा नखानं उडवला. "आता ते माझ्या हातात नाही राहिलं."

त्या सकाळची लांबलचक रांग आर्जियाच्या डोळ्यांपुढे आली. ही कबुलीची युक्ती कुणाच्या डोक्यातून निघाली असेल, तिनं विचार केला. सेत्तिमिओच्या नक्की नाही. तेवढी अक्कल असती तर त्यानं धावपट्टी आखली नसती. ती फादरच्या हातांकडे बघत राहिली. गोरे, मऊ, स्वच्छ हात होते. ती बाहेर पडली.

क्विंतो अंगणात चुना कालवत होता.

"दोरी तू धरली होतीस, क्विंतो."

"कुठली दोरी, काकू?"

"तुझ्या बायकोनं चुलीत घातली ती."

क्विंतोनं चुना ढवळणं थांबवलं नाही. "चार पोरं आहेत मला."

"देलिओला नाहीत, म्हणून त्याचा गळा स्वस्त?"

"तसं नव्हे, काकू. पण बघा ना तुम्हीच. मला धरलं तर मी आठवड्यात मरेन. त्याला कैदेची सवय आहे."

तो मनापासून बोलत होता. आर्जियाला त्याचा रागही येईना. राग यायला समोर माणूस लागतो.

दुसऱ्या दिवशी पाव भाजायचा वार होता. बायका फळ्यांवर कणकेचे गोळे घेऊन रांगेत होत्या आणि आर्जियाच्या नजरेला नजर न देता हवापाण्याचं बोलत होत्या. तिनं सगळ्यांचे पाव घेतले. न घेण्याचा विचार तिच्या मनात येऊन गेला होता, पण भट्टी बंद ठेवली असती तर या बायकांनी रुसवा समजून आठवडाभर घरच्या तव्यावर भागवलं असतं, आणि देलिओ होता तिथंच राहिला असता.

सरपंचाची बायको पाल्मीरा आदल्या दिवशी मोन्तेफाल्वोच्या बाजारात जाऊन आली होती. "तिथल्या बायका काय म्हणतात ऐकलंत का?" ती म्हणाली. "म्हणे, विमान आमचीच शेकोटी बघायला खाली आलं. बिशपसुद्धा बघायला येणार होते म्हणे."

"त्यांची शेकोटी?" क्विंतोची बायको देर्ना एकदम उसळली. "ओली लाकडं त्यांची. धूरसुद्धा वर गेला नाही नीट. कुठं त्यांचा तो उकिरडा, आणि कुठं आमच्या..."

तिनं जीभ चावली. पाल्मीरानं तिच्याकडे पाहिलं. रांग एकदम गप्प झाली, पण गप्प होण्याआधी दोघी-तिघींच्या माना होकारानं हलल्या होत्या.

आर्जिया लांब दांड्याचं फावडं भट्टीत सारून तशीच उभी राहिली. जे तोंड माणसाच्या जिवासाठी उघडत नव्हतं, ते ओल्या लाकडांसाठी उघडलं होतं. पाव करपायला लागल्याचा वास आला तेव्हा ती भानावर आली. तो पाव पाल्मीराचा होता.

दुपारी ग्रेक आला तेव्हा तिनं त्याला आत घेतलं आणि दार लोटलं. काय करायचं ते तिनं त्याला चार वाक्यांत सांगितलं. ग्रेक आधी हसला, मग गंभीर झाला.

"आमच्या गावात दोन बँड आहेत," तो म्हणाला. "संताच्या सणाला वाजवतात. दुसऱ्या बँडनं आमच्या दारापुढे मुद्दाम थांबून वाजवलं, म्हणून माझे वडील सख्ख्या काकांशी मरेपर्यंत बोलले नाहीत."

"मग तुला सांगायला नको."

"नको. पण साहेब बोललाच नाही, ते मी त्याच्या तोंडी घालायचं?"

"साहेब काय बोलतो हे इथं कुणाला कळतंय?"

"एकाला कळतं, आणि तो आंकोनाच्या तुरुंगात आहे." ग्रेकनं दंडावरच्या हुद्द्याच्या पट्ट्या चाचपल्या. "पकडलो गेलो तर या जातील, मावशी."

"दोनच तर आहेत."

"तुमच्या भावाचा स्वभाव तुमच्यासारखा असता, तर हिंदुस्थानातून इंग्रज आधीच गेले असते," असं म्हणून त्यानं पाव उचलला.

सह्यांच्या दिवशी गावातले सगळे कर्ते पुरुष शाळेत पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. फादर इजिनो खिडकीपाशी. थर्ल्बी टेबलामागे उभा राहिला आणि त्यानं एक छोटं, कोरडं वाक्य बोलून कागद पुढे सरकवला. सहीपूर्वी कुणाला काही जोडायचं आहे का, एवढंच त्यानं विचारलं होतं.

ग्रेकचं भाषांतर बरंच लांबलं.

"साहेब म्हणतात, सहकार्याबद्दल आभार. साहेब म्हणतात, आता त्यांना सगळा उलगडा झाला. कोल्लेस्पीनोचा यात काही संबंध नाही, हे त्यांना मोन्तेफाल्वोच्या लोकांनीही सांगितलं. ते म्हणाले, कोल्लेस्पीनोवाले उगाच बदनाम होतायत. दोन ओळींत शेकोट्या लावायची युक्ती मूळ मोन्तेफाल्वोची. त्या कोळसेवाल्यानं ती त्यांच्याकडून ऐकून चोरली. कोल्लेस्पीनोच्या लोकांना असलं काही सुचणंच शक्य नाही, आणि सुचलं तरी त्यांच्या गवंड्याला सरळ रेघ मारता येत नाही. साहेब हे सगळं अहवालात लिहिणार आहेत. एक प्रत बिशपांना जाईल."

यातल्या एका अक्षरासाठीही मोन्तेफाल्वोच्या कुणी तोंड उघडलं नव्हतं. बाजारात काहीही बोललं तरी साहेबापुढे ते गाव आपल्या शेकोटीबद्दलही मिठाची गुळणी धरून बसलं होतं.

आर्जिया दाराशी उभी राहून क्विंतोच्या मानेकडे बघत होती. मान हळूहळू लाल होत गेली.

"कुणाला सरळ रेघ येत नाही?" क्विंतो बसल्या जागेवरून म्हणाला.

"बस, क्विंतो," सेत्तिमिओ पुटपुटला.

"बसलोच आहे." मग तो उठला. "मोन्तेफाल्वोवाले? ज्यांच्या चर्चचा मनोरा तीस वर्षं समुद्राकडे कललाय ते? त्यांना विचारा, दोरी कशी धरतात. दोन दिवस मी त्या उतारावर घोट्यापर्यंत चिखलात उभा होतो. वरून बघा, खालून बघा, एका शेकोटीमागे दुसरी दिसायची नाही."

"दोनच काय, चार दिवस लागले," मागून कुणीतरी म्हणालं. "लाकडं आम्ही वाहिली ती कुठं गेली?"

"आणि ती सुकी होती," देर्ना भिंतीपासून म्हणाली. "शेकोटी लावायची तर सुकं लाकूड लागतं, एवढं तरी लिहा म्हणावं."

आता सगळेच बोलायला लागले. कुणी कुठली शेकोटी कुणाची ते सांगत होतं, कुणी ती किती उंच पेटली ते. थर्ल्बी एकेका तोंडाकडे पाहत होता. सेत्तिमिओ दोन्ही हात वर करून लोकांना गप्प करत होता, आणि आर्जियाला क्षणभर वाटलं की हा एकटाच शहाणा निघणार आणि सगळं बिघडवणार. पण लोक गप्प झाले तेव्हा सेत्तिमिओनं कोट सारखा केला.

"हे बघा, कॉर्पोरलसाहेब," तो म्हणाला, "राबले सगळेच, मी नाही म्हणत नाही. पण कल्पना कुणाची? नोव्हेंबरातल्या पंचायतीत मी मांडली. पंचायतीला साक्षीदार आहेत. मोन्तेफाल्वोचा काय संबंध? बिशपांना जायचं तर नीट जाऊ दे."

"आणि फादरनी खालून सुरुवात करून एकेका शेकोटीला आशीर्वाद दिला," क्विंतो म्हणाला.

"वरून," फादर इजिनो खिडकीपाशी म्हणाले. "वरच्या टोकापासून."

मग त्यांनी हात तोंडावर ठेवला, पण तोवर उशीर झाला होता.

"काय म्हणतायत हे लोक?" थर्ल्बीनं विचारलं.

"कबुली देतायत, सर," ग्रेक म्हणाला.

थर्ल्बी खुर्चीवर बसला. मग त्यानं पहिल्यांदाच विचारलं की ती रात्र कसली होती. ग्रेकनं सांगितलं, घराचं, देवदूतांचं, समुद्राचं, सगळं. थर्ल्बीनं ते ऐकलं आणि खिडकीबाहेर उताराकडे पाहिलं. आपण काय बोलून बसलो हे बाकांवरच्या माणसांना एकेक करून कळत होतं, आणि ते कळताना प्रत्येकाचा चेहरा सारखाच होत होता.

त्यांना काही झालं नाही. सगळं गाव तुरुंगात घालायचं तर तेवढा मोठा तुरुंग लागतो, आणि मुख्य म्हणजे कारण लिहावं लागतं. थर्ल्बीला ते लिहिता येईना. ब्रिटिश हवाई दलाचा वैमानिक मरियामातेच्या घरासाठी आखलेल्या धावपट्टीवर उतरायला गेला, हे वाक्य त्याच्या वरिष्ठांपुढे जाणं शक्य नव्हतं. संध्याकाळी निघण्यापूर्वी ग्रेक भट्टीवर आला आणि त्यानं आर्जियाला सांगितलं, "तुमचा भाऊ सुटतोय. अपघाताचं कारण खराब हवामान."

"आणि तो पोरगा? ज्यानं दिवे पाहिले?"

"पास्क? त्याला सांगणार आहेत की डोक्याला मार बसला की माणसाला दिवे दिसतात." ग्रेकच्या दंडावर पट्ट्या अजून होत्या. तो त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "विमान तोच चालवत होता, शेवटच्या वेळी. वैमानिकानं त्याच्या हाती दिलं होतं."

हे लोक आणि ते लोक, आर्जियाच्या मनात आलं. दोघांच्या इस्त्रीत काय तो फरक.

देलिओ दोन दिवसांनी आला. गावानं त्याचं स्वागत केलं. सेत्तिमिओनं भर रस्त्यात त्याला मिठी मारली आणि गावानं एकमुखानं बोलून त्याला कसं सोडवलं ते सांगितलं. क्विंतोनं वाइन आणून दिली. देलिओनं ती घेतली, कारण त्याला तहान लागली होती. मग तो भट्टीत येऊन बसला.

"शेवटी खरं कोण बोललं, ताई?"

"कुणी नाही. सगळ्यांनी फुशारकी मारली. त्यात तू सुटलास."

तिनं त्याला सगळं सांगितलं, पास्कचंही. तो ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो उठला आणि कोट घालायला लागला.

"कुठं निघालास?"

"आंकोनाला. त्या पोराला कुणीतरी सांगायला हवं, की दिवे होते."

"आत्ताच सुटलायस तिथून. पुन्हा धरतील."

"इस्पितळात माणूस बघायला गेलं म्हणून धरत नाहीत. आणि तो जन्मभर समजणार, आपणच मारलं त्या पाच जणांना."

आर्जियानं भट्टीचं दार लावलं, शाल घेतली आणि ती त्याच्याबरोबर बसथांब्याकडे निघाली. चौकात नेहमीची माणसं उन्हाला बसली होती. कुठं जाताय म्हणून सेत्तिमिओनं विचारलं, तेव्हा देलिओनं खरं ते सांगितलं. कुणी जमिनीकडे पाहिलं, कुणी पाईप झटकला. फादर इजिनोंनी प्रार्थना करू म्हणून सांगितलं.

बहीणभाऊ चौक ओलांडून उतार उतरायला लागले, तेव्हा मागून क्विंतो धावत आला. त्याचे हात चुन्यानं पांढरे होते आणि त्याच्या चेहऱ्यावर आर्जियानं कधी न पाहिलेली अजिजी होती. आता तरी हा माफी मागणार, असं तिला वाटलं.

"देलिओ," तो धापा टाकत म्हणाला, "तू भेटणारच आहेस त्याला, तर एवढं विचारशील? त्यानं वरून पाहिल्यात. सरळ दिसत होत्या ना?"